बिनपगारी उड्डाणं

१७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून निघालेलं जेट एअरवेजचं विमान मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईत उतरलं. कंपनीचं ते शेवटचं उड्डाण. जेटच्या वैमानिकांना तेव्हा जानेवारीपासूनचा पगार मिळालेला नव्हता. तरी त्या रात्रीही चेकलिस्ट ओळीनं वाचली गेली असणार, इंधनाचा हिशेब दोनदा पडताळला गेला असणार. प्रवाशांना शंकाही येऊ नये इतकं ते काम नेहमीसारखं झालं.

आता त्याच महिन्यात बाकीच्या घेणेकऱ्यांनी काय केलं ते पाहा. इंडियन ऑइलनं मुंबई-दिल्लीत इंधन बंद केलं. अ‍ॅमस्टरडॅमला माल हाताळणाऱ्या एका कंपनीनं थकबाकीपोटी जेटचं बोइंग ७७७ अडकवून ठेवलं. भाड्यानं विमानं देणाऱ्यांनी आपापली विमानं जमिनीवर बसवली. बँकांनी हात आखडता घेतला. यातल्या एकालाही ‘तुमची निष्ठा कुठे गेली?’ असं कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. धंदा असाच चालतो. वैमानिकांची संघटना, म्हणजे नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड, तिनं मात्र ‘पगार नाही तर उड्डाण नाही’ म्हणत १ एप्रिलची तारीख दिली, मग ती १५ एप्रिलवर नेली आणि आदल्या दिवशी तीही पुढे ढकलली. बँकांकडून दीड हजार कोटी येतील, कंपनी वाचेल, वीस हजार लोकांच्या चुली पेटत्या राहतील, अशी आशा होती. पैसे आले नाहीत.

विमान कंपनीचा व्यवहार मोठा मजेशीर असतो. प्रवासी तिकिटाचे पैसे महिना-दोन महिने आधी मोजतो, कर्मचारी आपले श्रम आधी देऊन पैसे महिनाअखेरीस घेतो. दोन्हीकडून उधारी कंपनीचीच. चांगल्या दिवसांत हे जाणवत नाही. दिवस फिरले की इंधनवाला रोख मागतो, विमानतळ रोख मागतो, आणि न मागता थांबणारा एकच घटक उरतो. थकलेला पगार हे कर्मचाऱ्यानं मालकाला दिलेलं बिनव्याजी, बिनतारण कर्ज असतं. फक्त त्या कर्जाच्या कागदावर सही घेतलेली नसते.

“महिन्याला लाखो रुपये घेणाऱ्यांचं कसलं रडगाणं?” हा प्रश्न तेव्हा आमच्या पार्ल्याच्या कट्ट्यावरही ऐकला. प्रश्न अगदीच गैर नाही. जेटच्या लोडर मुलांचे हाल कॅप्टनपेक्षा नक्कीच मोठे होते. पण पगाराचा आकडा आणि नोकरीची शाश्वती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या शहरानं १९८२च्या गिरणी संपानंतर तरी विसरू नये. गिरणी कामगाराला निदान कोकणातलं घर होतं. तरुण को-पायलटच्या मागे बहुधा बापानं घर गहाण ठेवून काढलेलं कर्ज असतं. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि ते शिक्षण अनेक लाखांच्या घरात जातं. मग एका विशिष्ट विमानाचं ‘टाइप रेटिंग’, त्याचे पैसे पुन्हा वेगळे.

खरी मेख इथेच आहे. सुतार एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात गेला तर करवत तीच चालते. बोइंग ७३७ चालवणाऱ्याला उद्या एअरबस ३२० देता येत नाही. आधी प्रशिक्षण, सिम्युलेटर, परीक्षा. शिवाय हे कौशल्य नासतं. गेल्या ९० दिवसांत तीन वेळा विमान उडवून उतरवलेलं नसेल, तर प्रवासी घेऊन जाता येत नाही. घरी बसलेल्या वैमानिकाची किंमत आठवड्यागणिक उतरते. जेट बंद पडल्यावर ७३७वाल्या अनेकांना दुसऱ्या कंपन्यांनी घेतलं, बऱ्याच जणांना कमी पगारावर. मोठी विमानं चालवणाऱ्यांना तेवढे दरवाजेही उघडे नव्हते. त्यात २०१७च्या नियमानं कमांडरला राजीनाम्यासाठी एक वर्षाची नोटीस, को-पायलटला सहा महिन्यांची. म्हणून ‘पगार नसताना उडत राहिले’ यातली किती कर्तव्यबुद्धी आणि किती कोंडी, हे बाहेरून सांगणं कठीण. मला वाटतं, आतूनही कठीणच असावं.

वैमानिक काही संत नाहीत. सप्टेंबर २००९मध्ये याच जेटचे शेकडो वैमानिक एकाच वेळी ‘आजारी’ पडले आणि पाच दिवस प्रवाशांचे अतोनात हाल झाले. पण त्या वेळचं कारण पगार नव्हतं. संघटना बांधणाऱ्या दोन सहकाऱ्यांना कंपनीनं काढलं होतं. दुसऱ्याच्या नोकरीसाठी विमानं थांबवणारे लोक दहा वर्षांनी स्वतःच्या पगारासाठी तारखा पुढे ढकलत राहिले, हे मला अजून पुरतं उलगडलेलं नाही.

वैमानिकांच्या पगाराला कात्री लावायचा हा रोग आपल्याकडचाच नाही. १५ जानेवारी २००९ला चेस्ली सलेनबर्गर यांनी दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवलं. १५५ जण वाचले. सहा आठवड्यांच्या आतच, २४ फेब्रुवारीला, त्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आहे आणि पेन्शन योजना मोडीत काढली गेली आहे. सारा देश त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होता तेव्हाची ही गोष्ट. आपल्या ओळखीतल्या एकाही वैमानिकाला मुलांनी या पेशात यावंसं वाटत नाही, असंही ते म्हणाले.

आपल्याकडे २०२० उजाडलं. साथीत ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं परदेशात अडकलेल्यांना आणत होती, आणि त्याच काळात एअर इंडियानं वैमानिकांच्या उड्डाण भत्त्यात ४० टक्के कपात केली. ७ ऑगस्टच्या रात्री या मोहिमेतलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान कोळिकोडला धावपट्टीवरून पुढे दरीत कोसळलं. कॅप्टन दीपक साठे, त्यांचे को-पायलट आणि प्रवासी मिळून २१ जण गेले. वर्षभरानं आलेल्या चौकशी अहवालानं कारण वैमानिकानं कार्यपद्धती न पाळल्याचं दिलं, आणि ते दडवायचं कारण नाही. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, जिची चर्चा फार कमी झाली. कोळिकोडच्या तळावर २६ को-पायलटांमागे कॅप्टन होता एक. दुसऱ्या दिवशी सकाळचं दोह्याचं विमान साठ्यांनाच न्यायचं होतं, आणि कोळिकोडलाच उतरायचं हा आग्रह त्यातून आला, असं अहवाल म्हणतो. कॅप्टनांच्या टंचाईचं खापर तो कंपनीच्या मनुष्यबळ धोरणावर फोडतो. उद्याचं विमान चुकू नये, ही ओढ आपण एरवी कामसूपणा म्हणून वाखाणतो.

अपघाताला आठवडा होत असतानाच एअर इंडियानं आपल्या सुमारे पन्नास वैमानिकांना नोकरीतून मुक्त केलं. त्यांनी आधी राजीनामे दिले होते, मग मागे घेतले होते. मंदीत कंपनीनं जुने राजीनामे मंजूर केले. पुढच्या जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती मंजुरी रद्द ठरवून त्यांना परत घ्यायला लावलं. सगळ्यांचं नशीब इतकं बरं नसतं. जेटला पुन्हा उभं करायचे प्रयत्न साडेपाच वर्षं चालले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवायचा आदेश दिला.

ही देणी कुणाला आधी, कुणाला नंतर, हे दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३नं ठरतं. ‘कामगार’ असाल तर २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीनं. ‘कामगार नसलेले कर्मचारी’ असाल तर १२ महिन्यांची, आणि एक पायरी खाली. पायलट यातला कोण, यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. कॉकपिटमध्ये अखेरचा शब्द त्याचा, म्हणून तो अधिकारी. आणि रोस्टर हातात देतील तिथे जायचं, म्हणून तो कामगार.