पहिला अतिचार

इ. स. २०२५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस, उच्च न्यायालयाने दिलेला व सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवलेला निवाडा शिरसावंद्य मानून, शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठाने तीन दशकांहून अधिक काळ आपल्या दारी वाढलेली महादेवी ही हत्तीण जामनगरच्या संगोपनकेंद्राकडे रवाना केली. त्या वेळी गावाने जो आक्रोश केला, तो ज्यांना अज्ञ जनांचा भाबडेपणा वाटला, त्यांना आपल्या लोकांची ओळख नाही असेच म्हणावे लागेल. हत्तिणीच्या पायांच्या व्याधींविषयी प्राणिमित्रांची फिर्याद काय होती आणि मठाने तिचे खंडन कसे केले, हे सारे दप्तरी दाखल आहे. त्याची फेरतपासणी करण्याचा मला अधिकार नाही. माझ्यापुढचा प्रश्न निराळा आहे. पाण्याच्या थेंबातील व वाऱ्याच्या झुळुकेतील जीवांचीही ज्या धर्माने गणती ठेवली, त्याच्या उंबरठ्यावर साखळदंड आला कसा, आणि इतका काळ तो कोणाच्या डोळ्यांत खुपला कसा नाही?

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हत्ती पाळणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या पीलखान्यात ही पाच कलमे घेऊन हिंडावे आणि जे दिसेल ते टिपून घ्यावे. माहुताच्या हातातील अंकुश आणि पाठीवरील अंबारी यांची नोंद करण्यास फार वेळ लागणार नाही. तथापि वध, भार आणि उपासमार हे दोष चांगला धनी टाळू शकतो, आणि नांदणीकरांनी हत्तिणीला पोटच्या लेकीसारखे वागविले हे त्यांचे म्हणणे मी अविश्वसनीय मानीत नाही. अडचण पहिल्या अतिचाराची आहे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचे विवरण करताना दोर किती जाड आहे वा बांधणाऱ्याच्या मनात काय आहे याची चौकशी केलेली नाही. त्या जीवाला जिथे जावेसे वाटते तिथे जाण्यास अडथळा होतो की नाही, एवढीच कसोटी त्यांनी लावली आहे. आता दिवसाचा बहुतेक वेळ चालत चालत चरणारा, वडीलधाऱ्या माद्यांच्या नेतृत्वाखाली कळपाने राहणारा आणि ज्याच्या तळव्याची मऊ गादी दमट, कठीण फरशीवर उभे राहून सडते असा हा प्राणी एका आवारात एकटा उभा केला, तर ते त्या कसोटीला कसे उतरावे?

यावर प्रेमाचे उत्तर दिले जाते. परंतु प्रेमाची ढाल इतर कोणत्याही पंथाला चालली तरी जैनाला चालत नाही, कारण अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हिंसेचे मूळच रागादी भावांच्या उत्पत्तीत दाखविले आहे, आणि राग म्हणजे जसा लोभ तशीच ममता. ‘आमची महादेवी’ या शब्दांत जी ऊब आहे तीच, या कठोर शास्त्राच्या दृष्टीने, तपासून पाहण्याची जागा आहे. हे निष्ठुर वाटते, मलाही वाटते. पण सोयीचे तेवढे शास्त्र घेऊन उरलेले माळ्यावर टाकणे हा धर्म पाळण्याचा प्रकार नव्हे.

आणि हत्ती हा या शास्त्रात कोणी सामान्य पशू नाही. तो मन असलेला पंचेंद्रिय जीव आहे. अशा तिर्यंचाला सम्यक्त्व लाभू शकते आणि तो देशविरताच्या पाचव्या गुणस्थानापर्यंत, म्हणजे व्रतस्थ श्रावक जिथे पोचतो त्या पायरीपर्यंत, चढू शकतो, असे सिद्धांत सांगतो. भगवान पार्श्वनाथांचा जीव पूर्वभवात वज्रघोष नावाचा रानहत्ती होता. अरविंद मुनींच्या उपदेशाने त्याने व्रते घेतली, इतर हत्तींनी मोडून टाकलेल्या वाळक्या पाल्यावर तो राहू लागला, आणि चिखलात रुतलेला असताना सर्पदंश झाला तरी त्याचे चित्त ढळले नाही. ही कथा ऐकून श्रोते सद्गदित होतात. मात्र वज्रघोषाला व्रत घेण्यासाठी अरण्य होते, चालण्यास पाय मोकळे होते, आणि मुनींनी त्याला बांधून मठात आणले नव्हते, हे त्या सद्गदित क्षणी कोणाच्या लक्षात येत नाही.

कायद्याकडून या बाबतीत फार अपेक्षा करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तिने धार्मिक वा अन्य प्रयोजनासाठी पाळीव हत्तीच्या हस्तांतरणाची वाट मोकळीच ठेवली आहे. जामनगर हे अरण्य नव्हे. तिथेही कुंपण आहे, धनी आहे, आणि माणसांत आयुष्य काढलेल्या हत्तिणीला वनात सोडून देणे तर दुसरे क्रौर्य ठरेल. तेव्हा जी आहे तिला सोबत, माती, पाणी आणि वैद्य यांची तजवीज जिथे सर्वांत चांगली होईल तिथे ठेवावे; मग ती नांदणीत होवो वा अन्यत्र. वादाचा खरा विषय तिच्यानंतर मठात आणल्या जाणाऱ्या पिल्लाचा आहे.

पंचकल्याणक उत्सवात इंद्राने बालजिनाला मेरूवर न्यावयाचे तर ऐरावत हवाच, असे यावर म्हटले जाईल. पण स्वर्गात तिर्यंच नसतात हे आपलेच शास्त्र आहे. तिथला ऐरावत म्हणजे विक्रियेने गजरूप धारण केलेला आभियोग्य जातीचा देव. मूळ प्रसंगातच जर खरा हत्ती नव्हता, तर मिरवणुकीत तो असण्याचा आग्रह कोणत्या आगमाचा? केरळातील त्रिशूर जिल्ह्यात इरिंजाडप्पिल्लीच्या कृष्णमंदिराने २०२३ साली यांत्रिक हत्ती उभा केला, तेव्हा पुष्कळांना हसू आले. वैदिकांनी हसावे, त्यांचा ऐरावत समुद्रमंथनातून निघालेला खराखुरा हत्ती आहे. जैनांना मात्र लाकडाचा वा लोखंडाचा ऐरावत हाच शास्त्राला अधिक जवळचा आहे, आणि आपल्या उत्सवांचा मला जो थोडाबहुत अनुभव आहे त्यावरून सांगतो, त्याच्या पाठीवर सौधर्म इंद्र म्हणून बसण्याची बोलीही तितक्याच चढाओढीने लागेल.