कोणत्या मंडळीत जाऊ, ताई?

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये १८:२४–२८



आजच्या वचनात अपुल्लोस भेटतो. आलेक्सांद्रियाचा, शास्त्रात मुरलेला, बोलायला लागला की ऐकत राहावं असा. आज असता तर त्याच्या संदेशांच्या रील फिरल्या असत्या. पण लूक त्याच्याबद्दलची एक गोष्ट लपवत नाही: त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. इफिसच्या सभास्थानात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे तंबू करणारं जोडपं त्याचं बोलणं ऐकत होतं. काय कमी आहे ते त्यांच्या लक्षात आलं. तरी भर सभेत त्यांनी त्याला अडवलं नाही. त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. एवढा मोठा वक्ता एका कारागीर जोडप्यासमोर ऐकायला बसला, याचंही मला फार कौतुक वाटतं.

हे वाचताना मला एका मुलीचा मेसेज आठवतो आहे. (तिला विचारूनच लिहिते आहे.) ती गोंदिया जिल्ह्यातली, आमगावकडची. गावातली मंडळी लहान, रविवारी पंचवीस-तीस माणसं. एक हार्मोनियम, आणि पाळक दोन-तीन गावं सांभाळणारे. तिचा बाप्तिस्मा तान्हेपणी तिथेच झाला. नोकरीसाठी ती नागपूरला आली आणि मैत्रिणीबरोबर एका नव्या मंडळीत जाऊ लागली. "पहिल्याच रविवारी मी रडले ताई, देव माझ्याशी बोलतोय असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं," असं तिनं लिहिलं. काही महिन्यांनी तिथल्या पुढाऱ्यांनी सांगितलं की बाळपणीचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाण्यात उतर, नाहीतर वर्शिप टीममध्ये जागा नाही. आणि घरी आत्ताच काही बोलू नकोस, ते तुझा विश्वास डळमळीत करतील.

"घेतला तर आई-बाबांना वाटेल मी त्यांना खोटं ठरवलं. नाही घेतला तर वाटतं मी देवाला नाही म्हणाले. खरी मंडळी कोणती?"

सगळ्यात आधी सांगते, या प्रश्नात अडकलेली ती पहिली नाही. तिच्या गावाजवळून जो लोहमार्ग जातो ना, नागपूर–गोंदिया–राजनांदगाव, त्याच मार्गावरच्या एका प्रवासात १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळकांना डब्यातल्या एका परदेशी गृहस्थानं नवा करार दिला. तुम्ही-आम्ही चहा पीत, मोबाइल बघत जातो तोच हा रस्ता. टिळकांचा बाप्तिस्मा मात्र १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला. मधला काळ ते वाचत राहिले, विचारत राहिले. देवाला त्या काळाची अडचण झाली नाही. आणि पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनीही 'आपण प्रभूच्या लोकांत कसं राहायचं' हा प्रश्न त्यांच्यापुरता मिटलेला नव्हता. घरच्यांवर यातून काय गुदरलं ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचा. घरापासून गुपचूप ठेवलेला निर्णय घराला कसा लागतो, हे मी त्याहून चांगलं सांगू शकणार नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून जवळची आहे. २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तिथे गेल्यावर त्यांना दिसलं की ख्रिस्ती देशात ख्रिस्ती लोकांचेच कितीतरी पंथ आहेत आणि प्रत्येक जण आपलंच बरोबर म्हणतो. त्या चक्रावून गेल्या, आणि पुढे आपल्या साक्षीत त्यांनी ते उघडपणे लिहिलं. सिस्टर जेरल्डीन यांना त्या आई मानत. पण शिकवणीच्या बाबतीत पटलं नाही तिथे त्यांनी पत्रांतून स्पष्ट प्रश्न विचारले. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसऱ्या पुरोहितशाहीला मान द्यायला त्या तयार नव्हत्या. माझ्या मते सगळ्या मराठी ख्रिस्ती तरुण मुलींनी ही पत्रं एकदा तरी वाचावीत. प्रेम आणि प्रश्न एकाच पानावर राहू शकतात, हे त्यात दिसतं.

आता बाप्तिस्म्याकडे येऊ, कारण खरा पेच तिथेच आहे.

नव्या मंडळीतले लोक बहुधा कृत्यांचा पुढचाच अध्याय उघडतील. १९:१–७ मध्ये इफिसच्या सुमारे बारा शिष्यांना पौल प्रभू येशूच्या नावानं बाप्तिस्मा देतो. मग हिला परत का नको? नीट वाचा. त्या बारा जणांचा बाप्तिस्मा योहानाचा होता आणि पवित्र आत्मा आहे हेही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. आमगावच्या मुलीवर पाणी ओतलं गेलं ते पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. ही दोन प्रकरणं एक नाहीत. आणि आजच्या वचनातल्या अपुल्लोसाला पुन्हा बाप्तिस्मा दिला, असं लूक कुठेच लिहीत नाही. म्हणजे पाठोपाठच्या दोन अध्यायांत दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळ्या रीतीनं सांभाळलेलं आहे. पौलानंही त्या शिष्यांना आधी प्रश्न विचारले, हेही बघा.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा, असं मानणाऱ्यांकडे वचन आहे: २:३८ मध्ये पश्चात्ताप आधी येतो, आठव्या अध्यायात कूशी अधिकारी समजून घेऊन मग पाण्यात उतरतो. बाळांना बाप्तिस्मा देणारे सोळाव्या अध्यायातल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे बोट दाखवतात, त्याच्या घरातल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला म्हणून. दोन्हीकडे देवाची भीती बाळगणारी, शास्त्र जाणणारी माणसं आहेत.

आणि याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरातच सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, आणि न देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. चर्चा १९२९ पासूनची, म्हणजे एकेचाळीस वर्षं. शेवटी दोन्ही रीतींना एकाच मंडळीत जागा मिळाली. सगळं गोड झालं असं नाही. मेथॉडिस्टांचा एक मोठा गट ऐन वेळी बाहेर राहिला. पण विचार करा, जो प्रश्न मोठमोठ्या लोकांना एकेचाळीस वर्षं पुरला, तो एका मुलीनं महिनाअखेरीपर्यंत सोडवावा, तोही घरी न विचारता?

मी तिला 'जुनीच मंडळी बरी' असं सांगितलं नाही. तिथेही एक प्रश्न विचारायला हवा. ही मुलगी इतकी वर्षं त्या बाकावर बसली, तेव्हा तिच्या विश्वासाबद्दल तिच्याशी कोणी निवांत बोललं का? दृढीकरणाचा वर्ग झाला, नाताळची नाटुकली झाली, पुढे? आपली मुलं शहरात जाऊन दुसरीकडे रमतात तेव्हा आपल्या मंडळ्यांत कुरकुर फार होते, फोन कमी होतात. नव्या मंडळीत ती रडली, ते खोटं होतं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. देव नागपुरातल्या भाड्याच्या हॉलमध्येही बोलतो.

माझा आक्षेप पाण्याला नाही, तारखेला आहे. आणि 'घरी सांगू नकोस'ला तर नक्कीच आहे. प्रिस्किल्ला आणि अक्विल्लानं अपुल्लोसाला कोणापासून तोडलं नाही. उलट तो पुढे निघाला तेव्हा इफिसच्या बंधूंनी पलीकडच्या शिष्यांना पत्र लिहून त्याला धाडलं (२७वं वचन). एका मंडळीतून दुसरीकडे जाणं पाप नाही. पण जाणारा असा जातो, पत्र घेऊन, निरोप घेऊन.

म्हणून तिला म्हटलं, "शनिवारची विदर्भ एक्सप्रेस पकड, गोंदियाला उतर आणि घरी जा. आईला सगळं सांग, रडण्यासकट. पाळकांना भेट, नोंदवहीत तुझ्या बाप्तिस्म्याची नोंद आहे ती बघ, आणि विचार की त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी काय वचन दिलं होतं. मग नागपूरला येऊन नव्या पुढाऱ्यांसमोर १८वा आणि १९वा अध्याय उघड आणि शांतपणे विचार. ते तुझ्याबरोबर बसले, वेळ दिला, तर ऐक. चिडले, तर तेही लक्षात ठेव. आणि दोन्हीकडचं नसलेलं एखादं वयस्क जोडपं शोध, जे तुला जेवायला वाढेल आणि खरं बोलेल."

तिनं शेवटचा रविवार जाऊ दिला. टीममधून नाव गेलं. ती अजून दोन्हीकडे जाते, अजून ठरलेलं नाही, आणि मी तिला विचारतही नाही. आईबरोबर मात्र रोज रात्री फोनवर एक अध्याय वाचते.

प्रार्थना: प्रभू येशू, जे दोन दारांच्या मध्ये उभे आहेत त्यांना घाबरवू देऊ नकोस. त्यांच्यासाठी एखादं प्रिस्किल्ला-अक्विल्लाचं घर उघड. आमचं घर तसं हवं असेल, तर आम्हाला सांग. आमेन.

उद्याचं वाचन: प्रेषितांची कृत्ये १९:१–७. पौल कोणते प्रश्न विचारतो, ते वहीत लिहून ठेवा.