कळण्याचा हक

म्हातारपणी माणसाचे सारे जाणतेपण निघून जाते, याचा उल्लेख कुरआन शरीफमध्ये सूरह नहल आणि सूरह हज्जमध्ये आलेला आहे. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा शब्द नवा असला तरी ती भीती जुनीच आहे. आमच्यापुढचा प्रश्न जरा वेगळा आहे. ज्याची भाषाच हातांची आहे, अशा कर्णबधिर माणसाला या आजाराची माहिती देणे हा उपकार आहे की कर्तव्य?

कोणी म्हणेल, ऐकू येत नाही तर लिहून द्या. परंतु सांकेतिक भाषा म्हणजे बोलीची हातांनी केलेली नक्कल नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून ती हटवून ओठ वाचण्याचा व बोलण्याचा आग्रह धरला. तिची झळ युरोपातील कर्णबधिरांच्या कित्येक पिढ्यांना बसली. ब्रिटनमधल्या अशा अनेक वृद्धांना छापील इंग्रजी आजही परकी आहे. त्यांच्या हाती पत्रक देणे म्हणजे बंद पाकीट देणे. परक्या भाषेतला धडा मूल पाठ करते, त्याला तो समजत नाही, हे आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना कोणी वेगळे सांगायला नको.

तपासणीतही हीच अडचण. नेहमीच्या चाचणीत शब्द ऐकून पुन्हा म्हणायचे असतात, वाक्य लिहायचे असते. तेथे कर्णबधिर माणूस चुकला, तर स्मृती गेली की भाषा आड आली, हे कसे ठरवायचे? म्हणून लंडनच्या संशोधकांनी थेट ब्रिटिश सांकेतिक भाषेतच चाचणी तयार केली आणि ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडेही त्याच वर्षी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले.

"मुलाला ऐकू येते, डॉक्टर त्याला सांगतील," असेही म्हटले जाते. पण मुलगा मायेपोटी लपवतो, आणि रोग्यालाच कळत नाही की आपल्याला काय झाले आहे. डिमेन्शियात समज हळूहळू जाते. वसियत करायची, कुणाचे देणे फेडायचे, कुणाची माफी मागायची, कुणाजवळ राहायचे, हे ठरवण्याची मुदत थोडी असते. अशा माणसाला उशिरा दिलेली माहिती ही न दिल्यासारखीच. म्हणून तिला आम्ही खैरात म्हणत नाही. तो त्याचा हक आहे.

प्रत्येक पैगंबर आपल्या कौमच्या भाषेतच पाठवला गेला, असे सूरह इब्राहीम सांगते. याचा अर्थ आम्ही असा घेतो की, संदेश समजेल अशा भाषेत पोहोचवणे हे सांगणाऱ्याचे काम आहे, ऐकणाऱ्याचे नव्हे. आपल्या संस्था आरोग्य शिबिरे भरवतात, औषधे वाटतात. त्या शिबिरात सांकेतिक भाषेचा एक जाणकार बसवला, तर एखादा वृद्ध प्रथमच स्वतःच्या आजाराविषयी स्वतः प्रश्न विचारू शकेल.