प्रतिध्वनी आणि प्रत्युत्तर

मुरुमच्या आसपासच्या मोकळ्या शिवारात मनुष्याने कितीही मोठ्याने हाक मारिली तरी ती बहुधा परत येत नाही. रानावरून जाते आणि विरून जाते. म्हणून आमच्या भागातील लोकांस प्रतिध्वनीचे फार कौतुक. विजापूरचा गोलघुमट पाहून आलेला मनुष्य, तेथे एका टाळीच्या अनेक टाळ्या कशा होतात, हे वर्षभर सांगत असतो. परंतु तो घुमट मनुष्याने बांधिलेला आहे. उघड्या डोंगराचा कडा मनुष्यासारखा बोलतो, हे आम्ही गेल्या उन्हाळ्यापर्यंत स्वतः ऐकिले नव्हते.

त्या वेळी काही सोबत्यांसह आमचे माथेरानास जाणे झाले. सोलापुरास आगगाडीत बसून कर्जत, तेथून नेरळ, आणि पुढे घाट. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट ह्या डोंगरावर चढून गेले, तेव्हापासून हे थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्धीस आले. आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय ह्यांच्या घराण्याच्या पुढाकाराने नेरळहून वर लहान रूळगाडी सुरू झाली. आम्ही मात्र मोटारीने दस्तुरीच्या नाक्यापर्यंत गेलो आणि तेथून तांबड्या मातीच्या वाटेने पायी चाललो. 'एको पॉइंट' म्हणून जी जागा आहे, तेथे पुढे खोल दरी आणि पलीकडे काळ्या खडकाचा उभा कडा आहे.

ह्या चमत्काराचे कारण साधे आहे. आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. समोरचा कडा १७० मीटरांवर असला, तर आपला शब्द जाऊन परत येण्यास एक सेकंद लागतो. कडा १७ मीटरांहून जवळ असेल, तर मूळ शब्द व परतलेला शब्द कानात एकच होतात, आणि प्रतिध्वनी असा वेगळा ऐकू येत नाही.

आमच्यातील एका मुलाने ओरडून विचारिले, "कोण रे तू?" कड्यानेही तेच विचारिले. मुलगा चिडून म्हणाला, "गाढवा!" लगेच तीच शिवी त्याच्याकडे आली. तेव्हा एका वडील मनुष्याने त्यास जवळ घेऊन सांगितले, "बाळा, तू गोड बोल, म्हणजे डोंगरही गोड बोलेल. जगाची रीत अशीच आहे." सर्वांनी माना डोलाविल्या, आम्हीही डोलाविली.

परत येताना एक गृहस्थ आमच्याबरोबर मागे राहिले. शेताच्या बांधावरून त्यांचे व सख्ख्या भावाचे कित्येक वर्षे बोलणे नाही. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मग माझे काय चुकले? त्याने शिवी दिली, मीही दिली. त्याने दार लाविले, मीही लाविले. डोंगर करितो तेच मी केले."

आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही. ज्या बोधास आम्ही मान डोलाविली होती, त्याच बोधावर हा गृहस्थ आपल्या वैराचे समर्थन करीत होता, आणि त्याच्या बोलण्यात तर्कदृष्ट्या काही उणे नव्हते.

वाचकहो, पुष्कळ विचाराअंती आम्हांस असे वाटते की, तो बोध बोलणाऱ्यास योग्य आहे, परंतु ऐकणाऱ्यास घातक आहे. आपल्या शब्दाचे फळ आपणांकडे येईल, हे बोलणाऱ्याने अवश्य ध्यानात धरावे. परंतु ज्याच्यावर शब्द येऊन आदळला, त्याने मी कडाच आहे असे मानणे म्हणजे आपले मनुष्यपण सोडणे होय. शब्द पोहोचणे व परत जाणे ह्यांच्या मध्ये खडकात काहीच घडत नाही. मनुष्यात घडू शकते. त्या एका क्षणात तो आठवू शकतो, लाजू शकतो, दया करू शकतो.

कोणी म्हणेल, मग अन्याय मुकाट्याने सोसावा काय? मुळीच नाही. बांध कोरला गेला असेल तर तसे स्पष्ट सांगावे, पंचांपुढे जावे, मोजणी करून घ्यावी. हे प्रत्युत्तर आहे, प्रतिध्वनी नव्हे. दोहोंतील भेद ओळखण्याची एक कसोटी आहे: समोरच्याचे शब्द वजा केले, तर आपल्या बोलण्यात आपले स्वतःचे काही उरते काय? शिवीला दिलेल्या शिवीत काही उरत नाही. आणि हेही कबूल केले पाहिजे की, आपली स्तुती करणाऱ्याचीच स्तुती करणे, आपणांस बोलाविणाऱ्यासच जेवावयास बोलाविणे, हाही गोड असला तरी प्रतिध्वनीच होय.

हे सर्व आम्ही पुढे त्या गृहस्थांस सांगितले. ते भावाच्या घरी अद्याप गेलेले नाहीत. परंतु पेरणीच्या दिवसांत भाऊ बांधावरून काही टाकून बोलला, तेव्हा आपण तोंडाशी आलेला शब्द गिळून घरी आलो, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. "रात्रभर झोप आली नाही," असेही म्हणाले. आम्हांस ते ऐकून समाधान वाटले. खडकास कोठली जाग!

आमच्या गावाचे नाव आणि रस्त्यावर पसरावयाचा मुरूम, हा शब्द एकच आहे. माथेरानचा कडा ज्या काळ्या पाषाणाचा, त्याच जातीचा पाषाण ऊनपावसाने फुटून, झिजून मुरूम होतो. कड्यावरून पाऊस वाहून जातो. मुरमात तो जिरतो. आपल्याकडे आलेला कठोर शब्दही असाच आपल्यात जिरावा, आणि मग जे बोलावयाचे ते आपले म्हणून बोलावे.