परमुलखातील पंगत आणि आपला नेम



सज्जनहो, हल्ली वारकऱ्यांच्या घरची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जातात. गळ्यात तुळशीची माळ असते, सामानात हरिपाठाची पोथी असते. डिसेंबर आला की तिकडे नाताळची सुट्टी लागते आणि मित्र आपल्या घरी बोलावतात. मग इकडे आईवडिलांच्या मनात शंका उभी राहते. दुसऱ्या धर्माच्या सणाला आपल्या मुलाने पंगतीला बसावे काय? बसला तर माळेचा नेम राहील काय? प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या पोटात मोठा प्रश्न आहे. नेम माणसाला माणसापासून तोडण्यासाठी असतो, की जोडण्यासाठी?

एक देश डोळ्यांपुढे ठेवून विचार करू. पोलंडमध्ये आपल्याकडची पुष्कळ मुले शिकतात. तिथे डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. सुट्टी लागली की वसतिगृह ओस पडते, दुकाने बंद होतात, रस्त्यावर माणूस दिसत नाही. जो तो आपल्या घरी. अशा वेळी चार भिंतींत एकटा राहिलेला मुलगा फोनवर आईला ‘मी मजेत आहे’ म्हणतो. त्या ‘मजेत’ शब्दाचा अर्थ आईला बरोबर कळतो.

त्या देशात 24 डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाला ‘विगिलिया’ म्हणतात. आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर घरचे सगळे ताटावर बसतात. बारा पदार्थ करण्याची रीत आहे, आणि परंपरेने त्या रात्री मांस शिजत नाही. बिटाचे सार असते, कोबी आणि अळंबी भरलेल्या उकडीच्या करंज्या असतात. मासे मात्र असतात, कारण त्यांच्या व्रतात मासे चालतात. जेवणाआधी कणकेची पातळ पापडी घेऊन प्रत्येक जण दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडून घेतो आणि त्याचे बरे चिंतितो. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की घरची माणसे असतील त्याहून एक ताट जास्त मांडतात. ते अवचित येणाऱ्या पाहुण्याचे ताट.

श्रोतेहो, हे ताट ऐकून वारकऱ्याचे मन हलले नाही तर नवल. आपला पांडुरंग हा मुळात दारात आलेला पाहुणाच. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता, त्याने वीट फेकली आणि देव त्या विटेवर उभा राहिला. दारातल्या पाहुण्याचे मोल ज्याला कळत नाही, त्याला ती वीट तरी काय कळणार?

आता शंकांचा विचार करू. पहिली शंका अन्नाची. तिथे तडजोड नको. माळकऱ्याने मांस-मासे खाऊ नयेत, मद्याला शिवू नये. पण नेम आपला आहे, यजमानाचा नाही. पंगतीत बसल्यावर नाक मुरडणे हा नेम नव्हे, तो अहंकार. आमंत्रण येताच मोकळेपणी सांगावे, ‘मी इतके खातो, इतके खात नाही.’ त्या दिवसांत एकादशी आली तर तेही सांगावे. जो स्वतः त्या रात्री मांस वर्ज्य करतो, त्याला दुसऱ्याचे व्रत समजायला अवघड जात नाही. आणि रिकाम्या हाताने जाऊ नये. गोपाळपूरच्या काल्याची खूण आठवा. तिथे प्रत्येक गोपाळाची शिदोरी निराळी. कोणी कोणाला आपली शिदोरी टाकून दे म्हणाले नाही. मुलाने आपल्या हाताने वरणभात करावा, शिरा करावा आणि न्यावा. म्हणजे आपले पोटही भरते आणि यजमानालाही आपल्या घरची चव कळते.

दुसरी शंका धर्माची. त्यांची पापडी मोडली तर आपण त्यांचे झालो काय? घरच्या टेबलावर एकमेकांचे बरे चिंतणे हा प्रार्थनामंदिरातला विधी नव्हे. संक्रांतीला आपण तिळगूळ हातावर ठेवतो, त्यातला भाव याहून निराळा नाही. तरीही कोणाचे मन कचरत असेल तर हात जोडून शुभ बोलावे. प्रेमाने जोडलेल्या हातांचा राग कोणालाच येत नाही.

तिसरी शंका संगतीची, आणि ती खरी आहे. सुट्टीतल्या सगळ्याच बैठका विगिलियासारख्या नसतात. वर्षअखेरीच्या रात्री पेल्यांवर पेले रिते करणाऱ्या बैठकाही असतात. संत संगाला इतके जपतात ते उगाच नाही. मग ओळखावे कसे? मी एक साधी कसोटी सांगतो. ज्या घरून परत आल्यावर नाम घ्यावेसे वाटते, आईची आठवण होते, कोणाचे तरी भले करावेसे वाटते, ती संगत चांगली. मग तिथले लोक कोणत्याही देशाचे असोत. जिथून आल्यावर हरिपाठाची पोथी उघडायची लाज वाटते, तिथे पुन्हा जाऊ नये; मग ते मित्र आपल्याच तालुक्याचे का असेनात.

नामदेवराय पंढरी सोडून पंजाबात गेले, घुमानला राहिले, तिथल्या लोकांच्या बोलीत बोलले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदे आहेत. परक्या मुलखात माणसे जोडली म्हणून त्यांचा विठ्ठल सुटला काय? उलट विठ्ठलाचे नाव तिथवर पोचले.

आणि पोलंडचे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 ते 1948 पर्यंत राहिली. त्यांच्या शाळा तिथे होत्या, प्रार्थनामंदिर होते. मायदेशापासून इतक्या दूर त्यांनी आपला धर्म सांभाळला, आणि त्यामुळे करवीरची अंबाबाई काही उणी झाली नाही. त्यांना तेव्हा आपल्या मातीने जागा दिली. आज त्यांच्या घरी आपल्या लेकरासाठी ताट मांडले जात असेल, तर ते नाकारण्यात कोणता धर्म?

म्हणून माझे उत्तर असे, की जावे. माळ गळ्यात ठेवून जावे, शिदोरी हातात घेऊन जावे, आणि नाम मुखात घेऊन परत यावे. नेम खोलीला कुलूप लावून पाळला तर तो नुसता जपला गेला. चार माणसांत, कोणाला न दुखवता पाळला तर तो मुरला.

पण आईबापहो, मुलाला उपदेश करून आपले काम संपत नाही. आपल्या लेकराला परदेशात कोणी ताट मांडावे असे वाटते ना? मग आपल्या पुण्यात, संभाजीनगरात, नागपुरात दिवाळीला वसतिगृहे ओस पडतात, तेव्हा मणिपूरचे, काश्मीरचे, आफ्रिकेतले एखादे पोर मागे राहिलेले असते. वारीत आपण अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणून जेवू घालतो. तो शब्द घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतो काय, हे ज्याचे त्याने पाहावे. येत्या दिवाळीला एक ताट जास्त मांडा, आणि त्या पोराला आपण होऊन बोलावणे धाडा.