सूर धरणारा

वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात एक म्हातारे सनईवाले राहत होते. सगळे त्यांना आबा म्हणत. वैशाखातली लग्नं असोत की कार्तिकातला काकडा, आबांची सनई तिथे असायचीच. त्यांच्या जोडीला एक डफडेवाला होता आणि दुसऱ्या सनईवर सूर धरणारा त्यांचा एक भाऊबंद होता.

आबांच्या हाताखाली एक पोरगा शिकत होता. पोरगा हुशार होता. एक बोट उचललं की एक स्वर, पुढचं उचललं की पुढचा, हे त्याच्या लवकर हाती आलं. आरत्या, भजनाच्या चाली, लग्नातली गाणी तो भराभर वाजवू लागला.

त्याचं अडलं ते कोमल रिषभापाशी. सनईला या स्वरासाठी वेगळं भोक नसतं. रेचंच भोक थोडं उघडायचं आणि थोडं झाकून ठेवायचं. बोट जरा जास्त उठलं की शुद्ध रे लागतो, कमी उठलं की स्वर सापाशीच रेंगाळतो. त्यात ओठांनी पत्ती थोडी जास्त दाबली गेली तरी स्वर हलतो. पोरगा सकाळचा भैरव वाजवायला घेई आणि पहिल्याच वळणावर घसरे.

"आबा, बोट किती उचलू?" तो विचारी.

"कानाले इचार," आबा म्हणत आणि त्याला सूर धरायला बसवत.

सूर धरणं म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच सा वाजवत राहणं. तो मध्ये तुटता कामा नये. गालात हवा साठवायची, ती हळूहळू सनईत सोडायची आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास भरून घ्यायचा. पोराला हे काम कंटाळवाणं वाटे. एकाच स्वरात शिकायचं काय, असं त्याच्या मनात येई. दोन-चार दिवस झाले की तो पुन्हा आपली सनई उचली.

एकदा त्याला युक्ती सुचली. अर्धं भोक साधत नाही, तर त्या स्वराचं वेगळं भोकच का पाडून घेऊ नये? बाजाराच्या दिवशी तो सनई घेऊन कातार्‍याकडे गेला.

कातार्‍यानं सनई उलटसुलट करून पाहिली. "भोक पाडणं सोपं हाय पोरा," तो म्हणाला, "बुजवणं सोपं नाही."

पण पोरगा हटून बसला. शेवटी कातार्‍यानं सा आणि रे यांच्या मधोमध सामत्यानं बारीक भोक पाडून दिलं. पोरानं तिथेच फुंकून पाहिलं. कोमल रे खणखणीत लागला. तो धावतच आबांकडे आला.

आबांनी ऐकलं. "बरं," ते म्हणाले, "आता सावरून या रेवर ये. अन् त्याले जरा झुलव."

पोरानं करून पाहिलं. नव्या भोकाचा स्वर होता तिथेच उभा राहिला, पुढे-मागे होईना. भैरवातला कोमल रे तर संथ झुलतो. शिवाय सा वाजवायचा तर ते नवं भोक झाकलेलं हवं, आणि झाकायला बोट मोकळं नव्हतं. करंगळी तिथवर पोचत नव्हती. आबा काही बोलले नाहीत. पोरानं भोकावर मेण दाबून बसवलं. लागेल तेव्हा मेण काढू, असं त्यानं ठरवलं.

वैशाखात रिसोडकडच्या एका गावी लग्न होतं. त्या दिवसांत वऱ्हाडात पारा ४४ अंशांच्याही वर जातो. मांडव पत्र्याचा होता आणि वेळ भर दुपारची होती. आबांनी त्या दिवशी पोराला पुढे बसवलं. नवरदेव मांडवाच्या दारात आला, डफडं घुमलं, पोरानं चाल उचलली. दोन आवर्तनं छान झाली. मग उन्हानं मेण मऊ पडलं आणि फुंकेच्या जोरानं निघून गेलं. सा फाटला. त्याच्या खालचे स्वरही कर्कश झाले. मांडवातल्या माना वळल्या.

आबांनी गडबड केली नाही. त्यांनी आपली सनई ओठांना लावली आणि चाल तुटली होती तिथूनच पुढे नेली. सूर धरणाऱ्यानं हातातली सनई पोराकडे दिली. मुहूर्त लागेपर्यंत पोरगा मान खाली घालून सा धरून बसला.

घरी परतताना आबा एवढंच म्हणाले, "सनई नीट करून आण. अन् आता सूर धर."

कातार्‍यानं भोकात शिसवीची खुंटी ठोकली आणि ती घासून सपाट केली. पुढे पाऊस लागला, लग्नं थांबली. सोयाबीन पेरून झालं, निंदून झालं. रोज संध्याकाळी आबा वाजवत आणि पोरगा सूर धरी. सुरुवातीला त्याचं लक्ष आपल्या श्वासाकडेच असे. सा तुटू नये, एवढीच त्याला काळजी होती.

मग श्वास आपोआप चालू लागला आणि कान मोकळे झाले. सा आणि कोमल रे अगदी शेजारी राहतात. असे दोन स्वर एकत्र वाजले की हवेत एक थरथर उठते. स्वर जवळ आले की ती मंदावते, लांब गेले की वेगानं होते. पोराला ती थरथर ऐकू येऊ लागली. आबांचा रे जागेवर आला की ती कशी असते, हे त्याच्या कानात बसलं. हाच रे भैरवात झुलतो आणि भैरवीत सरळ पुढच्या स्वराकडे निघून जातो, हेही त्याला कळलं. तो आबांचं बोट पाहू लागला. ते बोट उचललं जात नव्हतं. भोकाच्या कडेवर ते किंचित कलत होतं, आणि दर वेळी सारखंच कलत नव्हतं.

आश्विनात सोयाबीन निघालं. देवळात काकडा सुरू झाला. एका पहाटे आबांनी आपली सनई पोराच्या हातात दिली आणि सूर स्वतः धरला.

पोरानं भैरव सुरू केला. कोमल रेवर येताना त्याचं बोट जरा जास्त कललं. पूर्वी तो इथेच थांबला असता. या वेळी मागे आबांचा सा होता. कानानं फरक टिपला, बोट सावकाश मागे आलं आणि त्या मागे येण्यातूनच रे झुलू लागला. आबांनी सा तसाच चालू ठेवला. काकडा संपेपर्यंत त्यांनी सनई परत मागितली नाही.

ही गोष्ट एकट्या सनईची नाही. वाशीमपासून फार दूर, आयर्लंडमध्ये, इलियन पाइप्स नावाचं वाद्य आहे. कोपराखाली भाता दाबून ते वाजवतात. सूर धरायला त्यात तीन वेगळ्या नळ्या असतात. ही वादनकला २०१७ साली युनेस्कोच्या वारसा यादीत आली. त्या वाद्याला मधल्या अवघड स्वरांसाठी धातूच्या चाव्या बसवता येतात. तरीही एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जायचं असेल, तर तिथल्या वादकालाही भोकावरून बोटच हळूहळू सरकवावं लागतं. चावी स्वर देते, पण दोन स्वरांमधली वाट देत नाही.

पोराला अवघड स्वराची जागा लाकडात हवी होती. ती जागा कानात असते आणि बोट तिच्यामागून जातं. कानात ती दुसऱ्याच्या सुराला सूर देता देताच तयार होते. सूर धरणं हे खालचं काम नाही, साऱ्या शिकण्याचा पाया तोच आहे. आपल्या घरातलं पोर एखादी विद्या शिकत असेल आणि गुरूनं त्याला सूर धरायला बसवलं असेल, तर घाई करू नका. त्याला तिथे बसू द्या.