रोखणारा हात आणि मारणारा हात

पाच वर्षांच्या मुलीच्या बाटलीतले पाणी संपले. ती उठून दुसऱ्या वर्गात गेली आणि आठ वर्षांच्या बहिणीच्या बाटलीतून पाणी प्यायली. त्यावरून बाईंनी दोघींना मारले, असा आरोप होता. गोव्यातल्या 2014 सालच्या या प्रकरणात बाल न्यायालयाने शिक्षिकेला एक दिवसाची कैद आणि 1 लाख 10 हजारांचा दंड ठोठावला. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिला निर्दोष सोडले. पुरावा डळमळीत असेल तर सुटका व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिस्तीसाठी वाजवी बळ वापरणे हा गुन्हा नव्हे, हे त्या निकालातले म्हणणे पुढे एकटेच फिरत राहिले. 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने शिक्षकांना छडी जवळ बाळगू द्यावी, असे मत मांडले (वापरलीच पाहिजे असे नव्हे), तेव्हा ‘आमच्या वेळी’ने सुरू होणाऱ्या चर्चेला ऊत आला.

या चर्चेत सगळा काथ्याकूट ‘किती’चा. एक पट्टी वाजवी, दहा अवाजवी. बळ कशासाठी वापरले, हे कुणी विचारत नाही.

जिन्यात दोन मुले एकमेकांच्या उरावर बसली आहेत, एकाच्या हातात कर्कटक आहे. शिक्षकाने त्याचे मनगट घट्ट धरले, वळ उठला. हे बळच आहे, आणि ते वापरणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कर्कटक काढून घेतल्यावर त्याच मुलाच्या तळहातावर पट्टी मारली, तर ती कशासाठी? धोका टळलेला आहे. ती निव्वळ शिक्षा आहे, मग कितीही हलकी असो. इंग्लंडच्या 1996 च्या शिक्षण कायद्याने ही रेघ स्पष्ट ओढली: मारण्याला मनाई, पण तत्काळ धोका टाळण्यासाठी केलेली कृती त्या मनाईत येत नाही. गोव्यातली मुलगी तर पाणी पिऊन मोकळी झाली होती.

‘वाजवी’वाल्यांचा खरा आधार मात्र पालकांच्या संमतीचा आहे. मूल शाळेत पाठवले म्हणजे वाजवी शिक्षेला पालकांची गर्भित संमती मिळाली, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1949 मध्ये घाटगे खटल्यात म्हटले, आणि ते आजही उद्धृत होते. पण ज्या जुन्या भारतीय दंडसंहितेचा आसरा घेतला जातो, तिचे कलम 89 पालकाची संमती फक्त बारा वर्षांखालच्या मुलापुरती मानत होते. मग आठवी-नववीतल्या मुलाचे काय? शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 10 पालकाला सांगते की मुलाला शाळेत घालणे हे तुमचे कर्तव्य आहे. जे टाळताच येत नाही, त्यातून संमती कशी काढणार? पालक प्रवेश अर्जावर सही करतो, ती फी, बस आणि गणवेशासाठी. आणि पालकाने लेखी नकार दिला तर? स्कॉटलंडमधल्या दोन मातांनी आपल्या मुलांना पट्ट्याने मारायला आक्षेप घेतला, 1982 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांची बाजू घेतली, आणि ब्रिटनच्या सरकारी शाळांतला मार काही वर्षांतच कायद्याने संपला. संमती खरी असेल तर नकारही खरा मानावा लागेल. तो मानायला यांच्यापैकी कुणी तयार नसतो.

अंगाला हात लावूच नका, म्हणजे प्रश्न मिटला, असे सांगणाऱ्यांनी नोव्हेंबर 2025 मधली वसई आठवावी. उशीर झाला म्हणून सहावीतल्या मुलीला दप्तरासह उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांत ती गेली. मृत्यूचे कारण तपासात ठरेल. पण त्या आरोपात हात लावल्याचा प्रश्नच नव्हता, आणि उशीर तर होऊन गेलेला होता.

शिक्षकांची भीती खोटी नाही. भरलेल्या वर्गात भांडण सोडवायला गेलेल्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि त्याला सांभाळणारी तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये नाही. त्याची दोनच पोटकलमे: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ नको, केल्यास लागू सेवानियमांनुसार कारवाई. खासगी शाळेत ही कारवाई बहुधा संस्थाचालकांच्या मर्जीवर राहते. कलम 17 ला तिसरे पोटकलम हवे. मुलाला इजेपासून रोखण्यासाठी शिक्षक बळ वापरू शकेल. वापरले तर त्याच दिवशी त्याची लेखी नोंद होईल, आणि न्यूझीलंडमध्ये करतात तसे पालकांना कळवले जाईल. नोंदीत एक रकाना सक्तीचा असावा: त्या क्षणी कोणता धोका समोर होता?